चार लिंबं, दहा रुपये

मुलगा परदेशात राहायला लागला की आईबापाला मतं फुटतात. आमचा आरहूसला आहे. डेन्मार्कातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, समुद्रकाठचं. तिथे तो पवनचक्क्यांच्या कंपनीत काम करतो. तो गेला तेव्हा मला डेन्मार्कविषयी काहीच मत नव्हतं, आणि त्यावाचून डेन्मार्कचंही काही अडलं नव्हतं. मग एका जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे राहून आलो. येताना बॅगा ठरल्या वजनात बसल्या, मतं मात्र डोक्यावरून आणावी लागली. ती मी सोलापुरात, भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत उतरवली, त्याची ही हकिगत.

आधी आरहूस. जूनमध्ये तिथे रात्री दहाला उजेड असतो, त्यामुळे जेवणानंतर झोपायचं की पुन्हा चहा टाकायचा याचा निर्णय लागत नाही. कॅफेच्या बाहेर फुटपाथवर बाबागाड्यांत तान्ही बाळं झोपवलेली असतात आणि त्यांच्या आया काचेच्या आत कॉफी पीत बसतात. हिने पहिल्याच दिवशी अशी एक बाबागाडी पाहिली आणि 'आई सापडेपर्यंत मी हलायची नाही' म्हणून पहाऱ्याला उभी राहिली. आतून आई बघत होती. आपल्या बाळापाशी नऊवारीएवढ्या ठाम चेहऱ्याची कोण बाई उभी आहे, म्हणून ती कॉफी टाकून धावत आली. बाळ झोपलेलंच राहिलं.

बंदराजवळ 'डॉक वन' नावाचं ग्रंथालय आहे, २०१५ साली उघडलेलं. आत एक अजस्र, नळीच्या आकाराची घंटा टांगली आहे. शहरातल्या विद्यापीठाच्या इस्पितळात मूल जन्मलं की आईबाप तिथलं बटण दाबतात आणि इकडे ग्रंथालयात घंटा वाजते. वाचणारे मान वर करतात, हसतात, पुन्हा पुस्तकात जातात. गावात एक माणूस वाढला, एवढाच निरोप. मी गहिवरलो. ही म्हणाली, "म्हणजे बटण दाबेपर्यंत कुणाला कळतच नाही?" तिचंही खरं होतं. आमच्या गल्लीत एखादीला कळा सुरू झाल्या की ते तिच्या नवऱ्याच्या आधी पंक्चरवाल्या चाचांना कळतं, आणि रिक्षा दारात येते ती कुणी बोलावली याचा पत्ता मूल चालायला लागेपर्यंत लागत नाही.

मुलाच्या इमारतीत तळघरात सगळ्यांची मिळून धुलाईयंत्रं होती. भिंतीवर फळा, ज्याने त्याने आपली वेळ राखायची, वेळेत कपडे काढायचे. कुणी कुणाशी बोलत नाही, भांडत नाही, सगळं बिनबोभाट. एके दिवशी आमच्या वेळेला आधीच्या माणसाचे कपडे यंत्रातच होते. मी ते काढले, वाळवले, व्यवस्थित घड्या घातल्या आणि फळ्यावरचं नाव बघून त्या दाराशी ठेवून आलो. आपल्याकडे अशा वेळी माणूस डब्यात काहीतरी घालून पाठवतो. तिथे मुलाला संध्याकाळी एक चिठ्ठी आली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी फार सभ्य भाषेत विचारलं होतं की आपली अंतर्वस्त्रं घड्या घालून आणून देणारे वृद्ध गृहस्थ अजून किती दिवस राहणार आहेत.

पण माझ्या डोक्यात जे बसलं ते रस्त्यावरचं दुकान. आम्ही सामसो नावाच्या बेटावर फिरायला गेलो होतो. तिथले नवे बटाटे डेन्मार्कभर नावाजलेले. रस्त्याच्या कडेला, शेताच्या तोंडाशी एक लाकडी मांडणी. तीवर बटाट्यांच्या पिशव्या, स्ट्रॉबेरी, मधाच्या बाटल्या, किंमत लिहिलेली पाटी आणि एक पत्र्याचा डबा. माणूस नाही. मी वाट पाहिली. घराच्या दिशेने तोंड करून "आहे का कोणी?" अशी हाकही मारली. एक कुत्रं आलं, त्याने मला ओळखायला नकार दिला आणि परत गेलं. मुलगा म्हणाला, "बाबा, कुणी येत नसतं. घ्यायचं, डब्यात पैसे टाकायचे, निघायचं." आणि निघालाही. मी मागे वळून बघत राहिलो. डबा उघडा, पैसे आत, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. त्या डब्यात मला एक संबंध संस्कृती दिसली. हिला बटाटे महाग दिसले.

आमच्या परड्यात लिंबाचं झाड आहे. उन्हाळ्यात, म्हणजे सोलापूर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर उकळत असताना आणि बाजारात लिंबाला हात लावायची सोय नसताना, नेमकं तेव्हा ते लगडतं. एप्रिल उजाडला आणि मी जाहीर केलं की आपण दारात असं दुकान मांडायचं. बिनमाणसाचं. गल्लीत विश्वासाची संस्कृती रुजवायची.

ही लिंबं पुसत होती. म्हणाली, "आजवर मी ही लिंबं गल्लीत फुकट वाटते. ती तुम्ही आता विकणार. आणि याला विश्वास म्हणायचं?"

मोठ्या विचारांना घरातून विरोध होतोच, एवढं मी इतिहासातून शिकलेलो आहे.

दाराबाहेर गल्लीची जमीन चढउताराची. सपाट जागा एकच, कडुनिंबाखालचं ते चौकोनी लोखंडी झाकण. त्यावर स्टूल बरोबर बसलं, हललं नाही. स्टुलावर लाल टॉवेल अंथरला, सोलापुरीच, पिवळ्या काठाचा. स्टीलच्या ताटात लिंबांचे चार-चारचे वाटे. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडून. भवानी म्हणून त्यात मी डेन्मार्कहून आणलेलं पाच क्रोनरचं नाणं टाकलं; त्याला मधोमध भोक असतं. कागद उडू नयेत म्हणून एक गुळगुळीत गोल धोंडा, हा हिचा जुना, वाटण वाटायचा. मागे पाटी टेकवली. वरच्या ओळी रंगाने, किंमत तेवढी खडूने, कारण भाव बदलणार:

मालक नाही. विश्वास आहे.
चार लिंबं १० रुपये.

एवढं करून मी आत येऊन खिडकीच्या पडद्याआड बसलो. डेन्मार्कात असं कुणी बसत नाही, हे मला ठाऊक होतं. पण पहिला दिवस होता.

पहिला दुधवाला आला. स्टूल दिसताच त्याने सायकलचा ब्रेक कचकन दाबला, उतरला आणि पलीकडच्या भिंतीला घासून सायकल हातात धरून नेली. मग शाळेची पोरं आली. समोरच्या दारातून कुणीतरी ओरडलं आणि ती सगळी उलट पावली फिरून लांबच्या बोळातून गेली. एक रिक्षा तोंडाशी येऊन थांबली, चालकाने खाली वाकून बघितलं, छातीला हात लावला आणि रिक्षा मागच्या मागे काढली. अकराच्या सुमाराला आमच्या गल्लीत कर्फ्यू असल्यासारखी शांतता होती. समोरच्या शेडमधले माग तेवढे खडखडत होते.

मागच्या दाराने शेजारच्या अक्का आल्या. अक्का कडक भाकरीचा व्यवसाय करतात. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून मग मंद आचेवर दाबत दाबत तिच्यातलं पाणी पार घालवायचं. उचलली तर पापडागत वाजली पाहिजे. ती महिनोन्‌महिने टिकते आणि आमटीत चुरली की दोन मिनिटांत शरण येते. तर अक्कांच्या हाताला पीठ तसंच होतं आणि चेहरा उतरलेला.

"मालक, बाहेर जाऊ नका. तुमच्या दारात कुणीतरी करून ठेवलंय."

"काय करून ठेवलंय?"

"उतारा ओ! लिंबं मांडलीत, लाल कापडावर. आणि आज अमावस्या की."

मी म्हणालो, "अक्का, ते मी ठेवलंय."

अक्का दोन पावलं मागे सरकल्या. "अय्यो. तुम्ही? कुणावर?"

मी त्यांना डेन्मार्क, सामसो, नवे बटाटे असं सगळं समजावलं. त्या ऐकून घेत होत्या, पण नजर माझ्या डोळ्यांवरून हलत नव्हती. मधेच हिला म्हणाल्या, "कधीपास्नं असं करायलेत?" स्वयंपाकघरातून कालनिर्णयाचं पान फडफडल्याचा आवाज आला. अमावस्या हिला सकाळीच माहीत होती. सांगितली नाही. विश्वासाची संस्कृती म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी लाल टॉवेल काढला, ताट काढलं, लिंबं कागदी पिशव्यांत घातली. आता लोक थांबायला लागले. थांबायचे आणि बेल वाजवायचे.

"लिंबं कशी दिली?"

"पाटीवर लिहिलंय की."

"पाटीला काय कळतंय? तुम्ही सांगा."

मी सांगायचो, चार दहाला. मग ते म्हणायचे सहा द्या. मी म्हणायचो, इथे मालक नाही. ते म्हणायचे, मग तुम्ही कोण? या प्रश्नाला डेन्मार्ककडे उत्तर नाही. गिऱ्हाइकाला लिंबू नको होतं असं नाही. पण भाव न करता घेतलेल्या लिंबाला रस सुटत नाही अशी आमच्याकडे समजूत आहे. एक आजी तर रोज यायच्या, पिशवी उघडून लिंबं दाबून बघायच्या, पिशवी मिटायच्या आणि माझ्याशी अर्धा तास बोलून जायच्या. घेतलं काहीच नाही. शेवटी मी एक पिशवी तशीच देऊ केली, तर म्हणाल्या, "नको रे, तुझ्या बायकोनं मघाशीच दिलीत की मागच्या दारी."

म्हणजे पुढे विक्री आणि मागे वाटप अशी आमच्या घराची दोन खाती एकाच वेळी चालू होती. आणि पुढच्या खात्याचा माल मागच्याने पळवला होता.

मुलगा फोनवर म्हणाला, तिकडेही आता रोख कमी झाली, फोनवरूनच पैसे टाकतात, क्यूआर लावा. गल्लीतल्या अण्णांच्या नातवाने लावून दिला. दुपारी मोबाइल वाजला. एक रुपया जमा. मी धावत बाहेर आलो तर चाचा स्टुलापाशी मोबाइल धरून उभे. "चालतंय का बघितलं," म्हणाले, आणि दुकानात गेले.

मात्र डबा रिकामा नव्हता. रात्री मी तो उलटा केला की पैसे निघायचे, भरपूर निघायचे, आणि लिंबं तेवढीच असायची. हा चमत्कार काही मला उमगेना. मग पुन्हा पडद्याआड बसलो. चाचा आले, शंभराची नोट डब्यात सारली, झाकण काढून दहाच्या दहा नोटा मोजून घेतल्या, गेले. अक्कांची सून आली, दोनशे ठेवून सुट्टे नेले. पेपरवाला, इस्त्रीवाला, समोरच्या कारखान्यातला मुकादम. गल्लीला एक सुट्ट्यांचा डबा हवाच होता, तो मी आणून ठेवला होता. आणि हिशोब? कधी एका रुपयाचा फरक नाही. एकदा पाच रुपये कमी आले म्हणून मी खूश झालो, की चला, कुठेतरी माझं मत खरं ठरतंय. तर सकाळी चाचांचा पोरगा आणून देऊन गेला. "अब्बूंनी रात्री मोजताना चूक केली म्हणे."

आता कुणीही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी संध्याकाळी कट्ट्यावर विषय काढला. म्हणालो, आपल्या लोकांना शिस्त नाही. तिकडे बघा, फळ्यावर नाव लिहिलं की संपलं. आपणही गल्लीची एक वही करू. कचऱ्याला कोण, झाडांना पाणी कोण, आळीपाळीने.

अक्का भाकरीचे डबे दोरीने बांधत होत्या. म्हणाल्या, "संक्रांतीला सिद्धरामाचे सात नंदीध्वज निघतेत. पहिला कुणाचा, सातवा कुणाचा, कुठं थांबायचं, हे कुठल्या वहीत लिवलंय ओ?"

"ती जत्रा झाली अक्का. रोजचं काय? रोजच्याला पोलीस उभा केल्याशिवाय आपल्याकडे काही चालतं का?"

अण्णा तोवर काही बोलले नव्हते. अण्णांचं आयुष्य मागावर गेलं, घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि रागावले तर कन्नड. त्यांनी चष्मा काढला. "मालक, तुम्ही शिकलेले. मे १९३० मध्ये या गावात काय झालं?"

मला माहीत होतं. सोलापुरात कुणाला माहीत नसतं? गांधीजींच्या अटकेनंतर ८ मेला गोळीबार झाला, लोक उसळले, सरकारी अंमल गावातून उठला. ९, १०, ११ मे हे तीन दिवस सोलापूर पोलिसांवाचून चाललं. रस्त्यावरची रहदारीसुद्धा स्वयंसेवक सांभाळत होते. १२ तारखेला मार्शल लॉ पुकारला गेला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं.

"तर तीन दिवस पोलीस नव्हता," अण्णा म्हणाले. "गाव चाललं. आणि तुम्ही आम्हाला लिंबाचा डबा दाखवायलाव."

चाचा म्हणाले, "जाऊ द्या अण्णा, पोरगा लांब असतो त्यांचा." यावर सगळ्यांनी मान हलवली. माझी सगळी सामाजिक मांडणी त्या दिवसापासून पोराच्या आठवणीच्या सदरात जमा झाली, आणि अक्कांनी रात्री डबा पाठवला.

पुढच्या आठवड्यात पुण्याला भाचीचं लग्न निघालं. जाताना लिंबं आत घेतली. स्टूल, डबा, धोंडा आणि पाटी तशीच राहिली. चोरीची भीती नव्हतीच. तेवढा मी सोलापूरकर झालो होतो.

लग्नाच्या दिवशी सोलापुरात अवकाळी पाऊस झाल्याचं कळलं. परतताना आम्ही हुतात्मा एक्स्प्रेसने आलो. गाडीचं नाव त्याच चौघांवरून आहे, त्यामुळे अण्णा सोबत असल्यासारखंच वाटत होतं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, आणि आमच्या दारात गर्दी होती. बायका, घागरी, प्लास्टिकचे पिंप, पाइपांची भेंडोळी. मला बघून गर्दी दुभंगली. सोलापुरात माझं असं स्वागत निवृत्तीच्या दिवशीही झालं नव्हतं.

मधोमध स्टूल होतं. पावसाने खडूची ओळ धुऊन नेली होती. पाटीवर रंगाचं तेवढं उरलं होतं: मालक नाही. विश्वास आहे. वाचणाऱ्याने त्यातला पहिला भाग सोडून दिला असावा, कारण पाटीला झेंडूचा हार होता. हिच्या गुळगुळीत धोंड्याला शेंदूर फासला होता आणि त्याला चांदीच्या वर्खाचे दोन डोळे होते. चीर पाडलेल्या डब्यावर कुंकवाचं बोट. उदबत्त्या, नारळ, अर्धा पेढा, आणि धोंड्यापुढे चार लिंबं. ती आमची नव्हती.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. पहिला हार कुणी घातला हे आजतागायत कुणाला माहीत नाही. दुसरा घालणाऱ्याने पहिला बघितला, तिसऱ्याने दोन. बोळातल्या एकीच्या नातवाचा ताप उतरला होता, असंही कळलं. क्यूआर मात्र कुणी झाकला नव्हता. हिने मोबाइल काढला. लग्नाच्या गडबडीत बघायचं राहून गेलं होतं. एकवीस, एकावन्न, एक, एकशे एक.

"पण एवढे लोक आत्ता, घागरी घेऊन?"

आता सगळेच एकदम बोलायला लागले, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत आणि चाचांच्या दखनीत. सोलापूरच्या वाचकाच्या हे केव्हाच ध्यानात आलं असेल. आमच्याकडे पाणी उजनीवरून येतं, शंभरेक किलोमीटरच्या पाइपातून, आणि ते रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी मध्यरात्री, कधी पहाटे, आणि पाणी ज्या दिवशी असतं त्या दिवसाभोवती गावाची लग्नं, पाहुणे आणि धुणी ठरतात. आमच्या गल्लीचं पाणी सोडायला एक चावीवाला येतो. खांद्यावर लांब लोखंडी चावी, ती व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये उतरवून फिरवतो. आणि चेंबरचं झाकण चौकोनी असतं. लोखंडी. कडुनिंबाखाली. गल्लीतली एकमेव सपाट जागा.

चावीवाला आदल्या रात्री आला होता. झाकणावर देव बसलेला बघून त्याने चप्पल काढली, हात जोडले आणि पुढच्या गल्लीत गेला. आमची पाळी गेली.

"मग उचलून बाजूला ठेवायचं ना!" मी म्हणालो.

"कुणी?" अक्का म्हणाल्या.

चाचा म्हणाले, आमच्या हाताने नको, उद्या कुणी काही म्हणायला नको. अण्णा म्हणाले, ज्याने बसवलं त्यानेच उठवायचं, ही रीत आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टुलाला हात घातला तर तीन बायका एकदम ओरडल्या, "असं नुसतं नाही ओ!"

मग गल्लीची सभा भरली, रात्री अकरा वाजता, उभ्या उभ्या. ज्या सभेसाठी मी वही घेऊन फिरत होतो ती ही सभा. सगळं चार वाक्यांत ठरलं. देवाला नैवेद्य दाखवून सन्मानाने उठवायचं, धोंडा सिद्धेश्वर तळ्याकाठी नेऊन ठेवायचा, आणि गल्लीला प्रसाद घालायचा. डब्यातले पैसे प्रसादाला. कमी पडेल ते मालक घालतील. हा शेवटचा ठराव मांडला कुणी ते कळलं नाही, अनुमोदन हिने दिलं.

डबा अण्णांनी सर्वांसमोर मोजला. हजाराच्या वर निघाले. लिंबांच्या धंद्यात मला महिनाभर मिळाले नसते एवढे. तळाशी ते पाच क्रोनरचं नाणं निघालं. अण्णांनी ते दिव्याजवळ धरलं आणि त्यांचा आवाज बदलला. "भोकाचा पैसा! आमच्या आजीच्या कडदोऱ्यात होता असा." नाणं हातोहात फिरलं आणि परत आलं तेव्हा त्यावर कुंकू होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्ली बंद करून पंगत बसली. यादी केली नव्हती. कोण काय आणणार हे विचारलं नव्हतं. तरी अक्कांच्या घरून कडक भाकरी आणि कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी आली, बोळातल्या लिंगायत मंडळींनी पातेलंभर गव्हाची हुग्गी शिजवली, वांगी कुणी आणली माहीत नाही, पाणी चाचांनी ओळखीतून टँकर आणून भागवलं. कारखान्यातून चादरी आल्या आणि रस्त्यावर अंथरल्या गेल्या. मला काम काय? मी वाढायला उभा राहिलो तर "तुम्ही बसा मालक" म्हणून वाढपी पोरांनी पळी काढून घेतली. नंतर पत्रावळ्या उचलायला वाकलो तर त्याही काढून घेतल्या. आरहूसला जेवणं झाली की माणूस आपापली बशी धुतो, असं मी सांगू लागलो, तर शेजारचा म्हणाला, "हो, अण्णा सांगत होते. पोरगा लांब असतो ना तुमचा?"

तेवढ्यात मुलाचाच व्हिडिओ कॉल आला. मी मोबाइल पंगतीवरून फिरवला. "बाबा!" तो म्हणाला. "हे सगळं तुम्ही सुरू केलंत?" मी नाही म्हणालो नाही. हिने फोन घेतला आणि सगळं सांगितलं.

पंगतीत माझ्या डाव्या अंगाला चावीवाला बसला होता. चावी मांडीशी आडवी. हुग्गीवर तूप घेऊन झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "मालक, देव कुठला होता ओ?"

"डेन्मार्कचा."

"जागृत आहे?"

"तिकडे आहे," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली, आणखी एक पळी मागितली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "उद्या पहाटे चारला सोडतो तुमचं. परवाचं राहिलेलं भरून काढू. पण कुणाला बोलू नका, सगळ्या पेठेत गर्दी होते."

मी कुणालाही बोललो नाही. हात धुऊन घरी आलो तर ही अंगणात घागरी घासून उपड्या घालत होती, आणि शेजारून अक्कांनी विचारलं, "चारलाच ना ओ?"